देवस्थळीबाई आणि अर्धा डोस

देवस्थळीबाई आपल्या केंद्रात एकही पाटी लावू द्यायच्या नाहीत. पुण्यात, आणि तेही सदाशिव पेठेत जन्मून, पाटीचा इतका तिटकारा असलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. ‘चपला बाहेर काढाव्यात’ एवढी साधी पाटी आमच्या शिपायानं दाराला लावली, तर बाईंनी ती काढून त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "पाटी लागली की तुम्ही बोलायचं बंद कराल. लोकांशी बोलायचा पगार मिळतो तुम्हाला." झालं. तेव्हापासून तो बिचारा दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायला सांगायचा, आणि बाई त्याच्या समोरून चपला घालून आत जायच्या. त्यांना सांगायची कुणाची टाप होती?

मी त्या केंद्रात समाजसेविका होते. शब्द भारदस्त आहे. काम म्हणजे घरोघरी जायचं, बाळांच्या आयांना समजावायचं, ठरल्या दिवशी बाळ आलं नाही तर फोन करायचे आणि सासवांची बोलणी खायची. रोज बिबवेवाडीहून स्कूटरनं हडपसरला जायचं आणि संध्याकाळी त्याच धुरातून परत यायचं. घरचे म्हणायचे, सोड ही नोकरी. मी सोडली नाही, कारण देवस्थळीबाई. आता हे मी इतक्या सहज लिहिते आहे, पण त्या काळात त्यांच्या नावानं मी रोज एकदा तरी बोटं मोडत असे.

स्वाइन फ्लूच्या साथीनं सगळ्या पुण्याला तोंडाला रुमाल बांधायला लावला होता. तशा पुण्यातल्या पोरी स्कूटरवर आधीपासूनच तोंडं बांधून फिरायच्या, तेव्हा बाप्येही फिरायला लागले. साथ ओसरली, रुमाल सुटले आणि त्यानंतर काही वर्षांनी एका हॉस्पिटलात आमचं हे केंद्र सुरू झालं. काम होतं फ्लूच्या लसीची चाचणी, तीही सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत. लस नवी नव्हती. प्रश्न होता तिच्या मापाचा. इतक्या लहान मुलांना तोवर मोठ्यांच्या निम्माच डोस द्यायची पद्धत होती, कारण फार पूर्वीच्या लसीनं लहानग्यांना ताप यायचा. लस पुढे सौम्य झाली, पण माप तेच राहिलं. मग पूर्ण डोस दिला तर जास्त संरक्षण मिळतं का, आणि तो मुलांना सोसतो का, एवढंच पाहायचं होतं. प्रत्येक मुलाला महिन्याच्या अंतरानं दोन डोस. कुणाला अर्धे, कुणाला पूर्ण, हे संगणक ठरवणार. पडद्यामागे सुई भरणाऱ्या नर्सशिवाय ते कुणालाच कळायचं नाही. आईला नाही, मला नाही आणि बाईंनाही नाही.

बाई या अर्ध्या डोसाच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. चाचणी यायच्या कितीतरी आधीपासून. "लहान मूल म्हणजे काय एसटीचं अर्धं तिकीट आहे का हो?" असं त्या कुठल्याही बैठकीत, कुणालाही विचारायच्या. साथीच्या दिवसांत त्या मुलांच्या वॉर्डात होत्या. त्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत. एकदाच, चहा पिताना, काही विषय नसताना म्हणाल्या, "लस मोठ्यांना पूर्ण आणि पोरांना अर्धी. मरायची पाळी आली तेव्हा मात्र पोरांना सवलत मिळाली नाही." मग कप बशीत ठेवला आणि मला विचारलं, की आज कुणाकुणाकडे जायचं आहे. मला त्या दिवशी कळलं, की निवृत्तीला आलेली ही बाई रोज सकाळी आठाला येऊन का बसते. त्यांना जाण्यापूर्वी उत्तर हवं होतं. बास, एवढंच.

आता एखाद्याला उत्तर हवं असेल तर तो काय करील? भराभर मुलं गोळा करील. बाईंचं उलटं. त्या आलेल्या आयांना परत पाठवायच्या. आपल्याकडे डॉक्टरांना ‘नाही’ म्हणायची रीत नाही. डॉक्टर म्हणाले तर सही, डॉक्टर म्हणाले तर अंगठा. बाईंना ते खपायचं नाही. सगळं समजावून झालं की त्या म्हणायच्या, "आता घरी जा. उद्या एक प्रश्न घेऊन या. प्रश्न आणल्याशिवाय मी सही घेणार नाही." आया गांगरायच्या. एक तर शेजारणीकडून प्रश्न मागून आली. बाईंनी तिला विचारलं, "हा तुझा प्रश्न की तिचा?" तिनं शेजारणीचं नाव सांगितलं. "मग तिलाच पाठव," म्हणाल्या. आणि आमच्या कपाळाला हात. मुलं मिळवायची मी, आणि घालवायच्या या.

हिंजवडीच्या एका कंपनीतला बाप आला होता. मोबाइलमध्ये प्रश्नांची ही लांबलचक यादी. त्यातले निम्मे इंटरनेटवरचे. बाईंनी एकेक करून उत्तरं दिली, न कंटाळता. मग त्याला म्हणाल्या, "तुमचं झालं ना? आता यांना विचारू द्या," आणि बायकोकडे वळल्या. ती बिचारी इतका वेळ मूल सांभाळत गप्प बसली होती. जरा घुटमळून तिनं विचारलं, "आम्ही मधेच सोडलं तर तुम्ही रागावाल का?"

"रागावेन," बाई म्हणाल्या. "पण तोंडावर नाही. आणि मुलाला काही झालं तर त्याला मीच तपासेन, तसंच, आहे त्याच खोलीत."

त्या मुलीनं लगेच सही केली. बापाच्या यादीतले अजून दोन प्रश्न राहिले होते म्हणे.

बाईंना एका गोष्टीची घमेंड होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. त्या मुलं विसरत नसत. त्यांच्याबरोबर मंडईत भाजी आणायला जाणं म्हणजे शिक्षा. मिशी फुटलेला एखादा पोरगा समोरून जायचा, आणि बाई भर रस्त्यात त्याला हटकायच्या. "तू तो ना रे, डावा कान फुटायचा तो?" तो मैत्रिणीबरोबर असला तर काय होत असेल त्याचं, देव जाणे. त्या मुलं चेहऱ्यावरून ओळखत नसत. डोक्यावरचा भोवरा, कानाची पाळी, जावळाचा रंग यांवरून ओळखायच्या. लसीच्या कंपनीनं प्रत्येक मुलासाठी पायात बांधायची पट्टी आणि फोटोचं कार्ड पाठवलं होतं. पट्ट्यांचं खोकं कपाटात गेलं. "माझ्या पोरांना मी पट्टी बघून ओळखू? उद्या मला माझ्या नावाची चिठ्ठी गळ्यात घालायला सांगाल," असं बाईंनी सुनावलं आणि विषय संपला.

आणि इथेच सगळं अडलं.

हडपसरच्या पलीकडे पूर्वी जे गाव होतं आणि आता सोसायट्यांच्या मधे अडकलंय, तिथलं एक कुटुंब आमच्याकडे होतं. शेती बिल्डरला गेलेली, दारात मोटार, मोटारीशेजारी एक म्हैस. घरात सत्ता सोनाबाईंची. त्यांच्या दोन सुना, आणि दोघींना महिन्याभराच्या अंतरानं झालेली दोन पोरं, थोरलीचा शौर्य आणि धाकटीचा स्वराज. सोनाबाई स्वतः धाकटी सून म्हणून त्या घरात आलेल्या. त्यांच्या पोरांच्या वाट्याला कायम थोरल्या जावेच्या पोरांचं उतरलेलं आलं होतं, मग ते कपडे असोत नाहीतर दूध. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आपल्या राज्यात हे चालायचं नाही. दोन्ही नातवांना एकाच ताग्यातली झबली, एकाच सोनाराकडची साखळी. एकाला खुळखुळा आणला तर दुसऱ्यासाठी दुकान परत उघडायला लावणारी बाई.

पहिला डोस झाला. शौर्याला ताप आला, स्वराजला आला नाही. सोनाबाईंनी आपल्यापुरतं गणित मांडलं. ताप आला त्याला पूर्ण मिळालं, नाही आला त्याला अर्धं. म्हणजे धाकटीच्या पोरावर अन्याय. त्यांना झोप लागेना. आम्ही जीव तोडून सांगितलं होतं, की ताप कशानंही येऊ शकतो, दोघांना सारखंच मिळालेलं असू शकतं. पण आपण सांगतो ते एक आणि घरी जाऊन शिजतं ते दुसरं.

मधल्या महिन्यात दोघांचं जावळ काढलं. देवाला नेऊन, एकाच दिवशी. दुसऱ्या डोसाला दोन्ही पोरं आली ती तुळतुळीत गोटा करून, डोक्यावर सारखी टोपडी, गालावर सारखी तीट. थोरली स्वराजला मांडीवर घेऊन बसली आणि धाकटी शौर्याला. एकत्र कुटुंबात कुणाचं मूल कुणाच्या कडेवर, हे कोण पाहतं? शौर्याच्या नावाचा पुकारा झाला, थोरली उठली. बाईंनी स्वतः मूल तपासलं. भोवरा न्हाव्याच्या वाटीत गेलेला, जावळ देवाला वाहिलेलं, कानाच्या पाळ्या टोपड्याखाली. वजन काट्यावर जरा कमी भरलं. बाई म्हणाल्या, "ताप येऊन गेलाय ना, भरेल." नर्सनं पडद्यामागून सुई आणली, टोचली, मूल रडलं. मग दुसरं.

ही अदलाबदल आम्हाला कळली ती पुढच्या महिन्यात. दोन्ही मुलांचं रक्त घ्यायचं होतं म्हणून सगळी मंडळी आली होती. बाई बाहेर आल्या, सोनाबाईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि आपण होऊन सांगितलं. लपवलं नाही, उलट कौतुकानं सांगितलं. कारण बाईंनीच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, की इथं काही लपवायचं नाही. ताप आला सांगा, वैदूचं औषध दिलं सांगा, मी रागावणार नाही.

"म्या म्हनलं, दोगांचं बी सारकं हुउं दे," सोनाबाई म्हणाल्या. "एकाला अर्दी नि पुरी, दुसऱ्याला पुरी नि अर्दी. आता दोगांना दीड दीड झाली. न्हाई का, डॉक्टरीणबाई?"

मी हातातला फोन खाली ठेवला. धाकटी सून जमिनीकडे बघत होती. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. मला वाटलं, आता वीज पडणार.

"गणित बरोबर आहे, सोनाबाई," त्या म्हणाल्या. "मला नीट सांगा. कुणी कुणाला घेतलं होतं?"

आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोन्ही पोरांना नखशिखांत तपासलं. मुलांना धोका काहीच नव्हता, ते तिथल्या तिथे त्यांच्या आयांना सांगितलं. मग धाकटीला एकटीला आत बोलावून विचारलं, "तुझ्या मनात होतं का हे?" ती म्हणाली, "नव्हतं. पण आत्याबाईंनी माझ्याच पोरासाठी केलं ना, मी काय बोलू?" बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मंडळी गेल्यावर दार लावलं आणि मला म्हणाल्या, "कळवायला हवं." आवाज असा की मला त्यांच्याकडे बघवेना.

कळवलं की काय होणार, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. दोन मुलांचा प्रश्न नव्हता. दोन मुलं बदलली गेली आणि केंद्राला पत्ता नाही, म्हणजे बाकीची मुलं तीच कशावरून? अख्खं केंद्रच संशयात. बाईंनी आधी फोनवर सांगितलं, तेव्हा कंपनीकडून एक तरुण आला. वाईट मुलगा नव्हता, मनापासून मदत करायला बघत होता. म्हणाला, "मॅडम, टेक्निकली दोघांनाही दोन-दोन डोस मिळालेत. सेफ्टी इश्यू झीरो आहे. आजी काहीतरी बोलल्या, पण त्यांना नक्की आठवतंय कशावरून? इतकं एस्कलेट करायची खरंच गरज आहे का?"

"तुमच्या पासपोर्टवर दुसऱ्याचा फोटो चालेल का हो?" बाईंनी विचारलं. "माणूसच आहे ना तोही."

बाईंनी रीतसर लेखी कळवलं. तपासणी झाली, कपाटातलं पट्ट्यांचं खोकं निघालं, न उघडलेलं. बाईंनी कुणावर ढकललं नाही. ना नर्सवर, ना माझ्यावर, ना सोनाबाईंवर. तपासायला आलेल्यांना म्हणाल्या, "पट्ट्या मी बांधू दिल्या नाहीत. मी मुलं ओळखते, या तोऱ्यात होते. ओळखली नाहीत." मी शेजारी उभी होते. मला त्या तपासणाऱ्यांचा इतका राग आला म्हणून सांगू, आणि त्यांची काही चूक नव्हती हेही कळत होतं.

मग एका दुपारी फोन आला. आमच्या केंद्रातली मुलं अखेरच्या हिशेबात धरली जाणार नव्हती. एकही नाही. बाईंनी उभ्यानंच ऐकलं, "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. पोळीभाजीची गुंडाळी हातात तशीच होती. ती त्यांनी डब्यात परत ठेवली. बाईंना भरलेला डबा परत नेताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या आठाला हजर. बऱ्याच मुलांचं शेवटचं रक्त घ्यायचं राहिलं होतं. बाई म्हणाल्या, "घ्यायचं नाही. मोजणार नाहीत ते रक्त कशाला काढायचं? पोरांना फुकट टोचायचं नाही." पण तपासण्या? आयांना सांगितलं होतं की इतके महिने मुलावर लक्ष ठेवू. कंपनीनं कळवलं की आता त्याची आवश्यकता नाही. "त्यांना नसेल," बाई म्हणाल्या. आणि ज्या मुलांचं आता कुणालाच काही देणंघेणं नव्हतं, ती मुलं ठरल्या तारखेला येत राहिली. बाई त्यांच्या कानात बत्ती मारून बघत राहिल्या. आमची टिंगल व्हायची. शेजारच्या विभागातला एक डॉक्टर म्हणाला, "काय, गाडी गेल्यावर तिकीट काढताय का?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे उत्तर आलं. दुसऱ्या शहरांतल्या मुलांवरून, बाई निवृत्त झाल्यावर. पूर्ण डोस लहानग्यांना सोसतो, आणि द्यावा. मी फोन करून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाटलंच होतं," आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. नंतर त्या बहिणीकडे नाशिकला गेल्या आणि तिकडेच वारल्या. मला जाता आलं नाही. त्यामुळे बाई म्हटलं की मला आठवते ती केंद्र बंद व्हायच्या आठवड्यातली दुपार.

आम्ही दोघी सोनाबाईंकडे गेलो होतो. पोरांची शेवटची तपासणी होती, आणि सोनाबाईंना पायांनी येववत नव्हतं. ओट्यावर सतरंजी टाकलेली, चहा झालेला. सोनाबाईंच्या कानावर काहीतरी आलं होतंच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. माज्यामुळं तुमचं काम बुडालं का?"

मी पटकन "नाही हो आजी," म्हणायला तोंड उघडलं होतं. कुणीही म्हटलं असतं. म्हातारी बाई, प्रेमानं केलेली चूक, कशाला जीव जाळायचा तिचा?

"हो," देवस्थळीबाई म्हणाल्या. "बुडालं. तुमच्यामुळं आणि माझ्यामुळं."

सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. सुना दारात येऊन उभ्या राहिल्या. मला बाईंचा असा संताप आला. काय अडलं होतं एक ‘नाही’ म्हणायला? सोनाबाईंनी डोळे पुसले.

"मंग आता खरं काय ते तुमास्नी कसं कळायचं?"

"दुसरीकडेही मुलं आहेत. तिथून कळेल."

अगदी साधेपणानं, काही टोमणा नाही, काही नाही, सोनाबाईंनी विचारलं, "आनि तितल्या आज्यांनी खरं सांगितलं असंल का?"

सगळ्या बैठकांत सगळ्यांना गप्प करणाऱ्या बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते नुसतं पाणीच राहिलं. त्यांनी सोनाबाईंचा हात धरला. "ते मला माहीत नाही," म्हणाल्या. "माझ्याकडच्या आजीनं सांगितलं. एवढंच मला माहीत आहे."

मला पुढे मांजरी गावात एका घरी जायचं होतं. मी स्कूटर काढली आणि वळणावरून सहज मागे पाहिलं. बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर दोन्ही पोरं एकमेकांना ढकलत होती. एव्हाना दोघांना भरपूर केस आले होते आणि दोघं एकमेकांसारखी मुळीच दिसत नव्हती. बाईंनी एकाला जवळ ओढलं, नळी कानाला लावली, आणि तिचं टोक त्याच्या छातीला टेकवण्याआधी दारातल्या सुनेकडे बघून विचारलं, "हा कोण?"